मोटेचा नाडा शाळेत

मी नाडा बोलतोय. हसू नका. नाडा म्हटलं की लोकांना आधी विजार आठवते आणि मग पुढचं कुणी ऐकत नाही. मी विजारीतला नव्हे, मोटेचा. मनगटाएवढा जाड. विहिरीचा तळ गाठून वर उरेन एवढा लांब. पाण्यानं भरलेली चामड्याची मोट मी वर्षानुवर्षं वर ओढली आहे, आणि उतारवयात शाळाही शिकलो आहे. ते कसं झालं तेच सांगतो.

तासगावपासून बैलगाडीनं सकाळी निघालं तर जेवणवेळेला पोचावं एवढ्या अंतरावर चिंचखोरी नावाचं गाव आहे. तिथल्या बांधावरच्या घायपातात माझा जन्म. पानं कापली, ओढ्यात कुजवली, दगडावर बडवली आणि त्यातून पांढराशुभ्र वाख निघाला. तो वळायचं काम केरबा आणि त्याची बायको मनुबाई यांचं. केरबा एका टोकाला, मनुबाई दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी.

"आवं, हात हलवा. त्वांड नगं," मनुबाई म्हणायची.

"तू तुजं टोक बघ की," केरबा म्हणायचा.

पीळ भरत होता तोवर दोघं भांडत होती. त्या दिवशीचं सगळं भांडण माझ्या अंगात वळलं गेलं. म्हणूनच मी एवढा चिवट निघालो, असं माझं मत आहे.

मला नेलं सयाजी तात्यांनी. तात्या म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ, दोन्ही अर्थांनी. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर माझी नेमणूक झाली. खंड्या आणि लाख्या हे बैल विहिरीपुढच्या धावेच्या उतारावरून खाली जायचे, मी चाकावरून कुरकुरत वर यायचो, मोट भळाळा ओतली जायची आणि पाणी उसाकडं पळायचं. बैल मागं सरले की मी पुन्हा खाली, अंधारात, गार पाण्यात. मागून तात्या गात असायचे. त्यांचा आवाज चांगला होता असं मी म्हणणार नाही, पण बैलांची कधी तक्रार नव्हती.

मग दुसरी मोठी लढाई संपली आणि तात्यांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. बघायला सगळा गाव लोटला. इंजिन टुक टुक करू लागलं, पाणी आलं, लोकांनी गूळखोबरं खाल्लं, आणि माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली.

रिकाम्या माणसाला जशी घरची कामं सांगतात तशी मलाही सांगू लागले. तात्यांच्या मालकीण रंगूबाईंनी मला गोठ्याच्या दोन खांबांना बांधलं आणि माझ्यावर धुणं वाळत घातलं. ज्या अंगानं मी विहीर उपसली त्या अंगावर तात्यांची बंडी लोंबू लागली. रात्री कोंबड्या बसायच्या. एका उंदरानं माझ्या मध्यावर जी जागा पसंत केली ती कधी सोडलीच नाही. रोज थोडा थोडा तो मला कुरतडत राहिला.

गोठ्यासमोरच मारुतीचं देऊळ होतं आणि देवळाच्या ओवरीत गावची शाळा भरायची. करमणूक म्हणून मी शाळा बघायचो. हेडमास्तर होते आकाराम गुरुजी. अक्षर मोत्यासारखं, टोपी कडक, आणि हलणाऱ्या पोराचा त्यांना भारी तिटकारा. ते म्हणायचे, "पोराचं डोकं म्हणजे काठोकाठ भरलेला तांब्या. हलला की सांडला." म्हणून शाळेचा नियम एकच : हाताची घडी, तोंडावर बोट. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट आणायचं कुठून, हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही. पोरं बिचारी जमेल तसं भागवायची.

सकाळी हे चालून जायचं. दुपारी मात्र पोरं घरी जाऊन भाकरी खाऊन परत यायची, घडी घालून बसायची, आणि गुरुजींचा पाढा सुरू झाला की एकेक मान जोंधळ्याच्या कणसासारखी वाकायची. सयाजी तात्यांची पोरगी विजयमाला तिसरीत होती. ती तर उघड्या डोळ्यांनी झोपायची. गुरुजींना वाटायचं, पोरगी एकचित्त आहे.

अशा शाळेत सांगलीकडून एक नवे मास्तर आले, शांतिनाथ मगदूम. उंच, किडकिडीत, शेवग्याच्या शेंगेसारखे. धर्मानं जैन; दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे व्हायचे आणि गाव जेवायला बसला की ओट्यावर बसून पोरांना हाका मारायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दुपारी एका पोराला विचारलं, "साती आठे किती?" पोरगं दचकून जागं झालं आणि म्हणालं, "पुरं झालं आये, आता नगं वाढू."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी वर्गाकडं पाहिलं, मग देवळाबाहेर पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर, म्हणजे माझ्यावरच्या बंडीवर येऊन थांबली.

त्याच संध्याकाळी ते तात्यांकडं आले. तात्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन होते. म्हणजे झेंडावंदनाला खुर्ची त्यांची असायची.

"तात्या, गोठ्यातला तो जुना नाडा शाळेला द्याल का?"

"कशाला वं मास्तर?"

"पोरांसाठी हवा होता."

तात्यांचा चेहरा उजळला. "असं म्हना की. लय पळून जात्यात भाद्दर. आमच्या वेळंला बी असंच हुतं, खांबाला बांधून घालायचं मास्तर. न्या, न्या. आनि गाठ पक्की मारा."

मास्तर बोलायला गेले, पण तोवर तात्यांनी माझ्यावरची बंडी काढून खांद्यावर टाकली होती. मिळतंय ते घ्यावं, म्हणून मास्तर गप्प बसले. मला खांद्यावर टाकताना मात्र त्यांचा तोल गेला.

तात्यांनी ही बातमी चावडीत सांगितली. त्यामुळं दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर मला घेऊन शाळेत आले तेव्हा अर्धी पोरं ओवरीच्या खांबामागं आणि अर्धी थेट मारुतीमागं. आतून रडण्याचा आवाजही येत होता.

"बाहेर या रे," मास्तर म्हणाले. "हा तुमच्यासाठी आणलाय."

"बांधायला?" मारुतीमागून विजयमालेनं विचारलं.

"ओढायला."

मग मास्तरांनी पोरांचे दोन भाग केले, देवळापुढच्या मोकळ्या जागेत मला पसरलं आणि बोटानं मातीत एक रेघ मारली.

मी आयुष्यभर बैलांच्या संगतीत काढलेलं. बैल ओढतो तेव्हा बोलत नाही. ही पोरं निम्मी ताकद हातांनी लावायची आणि निम्मी तोंडानं. "वढ रं गड्या", "पाय रोव की", "ए, तू कुणाकडचा हायस?" असा एकच कल्ला. पहिल्या दिवशी तर एक पोरगं उत्साहाच्या भरात रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला गेलं आणि तिकडून आपल्याच लोकांविरुद्ध ओढायला लागलं. माझ्या शेवटाला मोट नव्हती, पाणी नव्हतं, ऊस नव्हता. कशासाठी म्हणून ही ओढतायत ते मला कळेना. पण एक सांगतो, खंड्या-लाख्यांनी मला कधी हसत हसत ओढलं नव्हतं.

मग तो रोजचा पाठच झाला. दुपारची शाळा भरली की आधी अर्धा तास माझा. कधी ओढायचं. कधी मला सापासारखं नागमोडी टाकायचं आणि प्रत्येक वळणावर उडी मारत पाढा म्हणायचा. कधी माझ्यावरून तोल सांभाळत चालायचं. ज्याचा पाय घसरेल त्यानं जिल्ह्यातल्या नद्या सांगायच्या. त्यानंतर ओवरीत जो पाढा उठायचा, तो ऐकून देवळावरचे पारवे उडून जायचे.

आकाराम गुरुजींनी हे थोडे दिवस सोसलं. मग एका दुपारी त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मगदूम, ही शाळा आहे की तालीम?"

"गुरुजी, पोरं जागी तरी आहेत."

"जागी आहेत, पण सांडली ती. सगळं सांडलं."

"काय सांडलं ते विचारून बघा. आता कुठलाही पाढा विचारा."

गुरुजींनी विचारला नाही. पाढा आला असता तर पंचाईत झाली असती.

खरी अडचण दुसरीकडूनच उठली. ते रेशनचे दिवस होते. धान्य मोजून मिळायचं, आणि आमची पोरं संध्याकाळी घरी जाऊन शिंकाळ्याखाली उभी राहू लागली. विजयमाला पूर्वी अर्धी भाकरी उष्टी टाकायची. आता ती स्वतःची संपवून बापाच्या ताटाकडं बघायची. तात्या दुपारभर मळ्यात असायचे; त्यांनी शोध घेतला आणि मला बांधायला नव्हे, ओढायला नेलंय हे त्यांना तेव्हा कळलं.

तात्या तडक ओवरीच्या पायरीशी आले. "मास्तर, ह्यो काय परकार हाय? रानात राबायला आमचं बैल हाईत, गडी हाईत. पोरं साळंत बसायला धाडतो आमी. बसायला."

"तात्या, तासभर बसलं की बैल सुद्धा उठून उभा राहतो. ही तर पोरं आहेत."

"आवं पन भाकरी? चार घरची मानसं माज्याकडं आल्यात. तुमी रात्रीचं जेवत न्हाई, तुमाला कळायचं न्हाई. पोरं परातीतलं पीठ बी सोडंनात."

मागून रंगूबाई डोक्यावर पाटी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "खाऊ द्या की. पोरगी सांजच्याला पडल्या पडल्या झोपती, सकाळी हाक मारायच्या आदी उठती. मागल्या साली उठवाया पानी मारावं लागायचं."

"तू मदी बोलू नगंस. ह्यो कमिटीचा विषय हाय."

"मग भाकरी बी कमिटीनंच थापावी," असं म्हणून रंगूबाई निघून गेल्या.

कमिटीनं ठरवलं की शाळा तपासायला साहेब येतील तेव्हा हा विषय त्यांच्यापुढं मांडायचा. या साहेबांना, म्हणजे शाळांच्या डेप्युटी इन्स्पेक्टरांना, गाव दिपोटी म्हणायचं. दिपोटीसाहेब फार कडक, अशी ख्याती होती. त्यांनी आमच्या खेळाला नावं ठेवली तर खेळ बंद होणारच होता, वर मगदूम मास्तरांची बदली कुठल्या तरी डोंगरातल्या वाडीवर होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर त्या आठवड्यात आणखी बारीक दिसू लागले. पोरांनी त्यांना विचारलं नाही, पण ओढताना त्यांचा आरडाओरडा कमी झाला.

साहेब आले ते फाल्गुनातल्या रणरणत्या दिवशी. गुरुजी पहाटेपासून धावपळ करत होते. ओवरी सारवली, तोरण बांधलं, पोरांना तेल लावून बसवलं. शेवटी त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हे आधी दृष्टीआड करा," ते म्हणाले. पण एवढा मोठा नाडा लपवायचा कुठं? मारुतीमागं ठेवला तर साहेब दर्शनाला जाणार. गोठ्यात न्यावा तर तात्या वाटेत साहेबांची वाट बघत उभे. मग गुरुजींना युक्ती सुचली. त्यांनी मला गोल गुंडाळलं, वर घोंगडं टाकलं, घोंगड्यावर पांढरी चादर टाकली आणि मागं तक्क्या लावला. झाली साहेबांची बैठक तयार.

सकाळी साहेबांनी हजेरी बघितली, भिंतीवरचा नकाशा बघितला आणि तात्यांकडं जेवायला गेले. रंगूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. रेशन असलं तरी दिपोटीच्या ताटात ते दिसू द्यायचं नसतं. साहेब जेवून आले तेव्हा त्यांना चालणं जड झालं होतं. ते माझ्यावर बसले. खरं सांगतो, भरलेली मोट हलकी होती.

"चालू द्या," साहेब म्हणाले.

गुरुजींनी डोळ्यांनी खूण केली. हाताची घडी, तोंडावर बोट. त्या दिवशी खेळ नव्हताच. गुरुजींनी संथ आवाजात कविता सुरू केली. बाहेर ऊन तळपत होतं, आत सारवणाचा गार वास होता, एक माशी घोंगावत होती. पहिलीची पोरं आधी झोपेत गेली. मग दुसरीची. पायरीवर टेकलेले तात्या गेले. मग माझ्यावरचं वजन एका बाजूला कलू लागलं. साहेबांचा डोक्याचा रुमाल कपाळावरून नाकावर आला आणि त्यामागून एक बारीक, सुरेल घोरणं ऐकू येऊ लागलं.

गुरुजी कविता म्हणतच राहिले. थांबलं तर साहेब जागे होतील, आणि नाही थांबलं तर काय करायचं हे त्यांना कळेना. संपलेली कविता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मगदूम मास्तर खांबाला टेकून खाली बघत उभे होते.

आणि विजयमाला, घडी तशीच ठेवून, उघड्या डोळ्यांनी, पुढं कलंडली. तिचं डोकं पाटीवर आपटलं. पाटी फुटली.

साहेब दचकून उठून बसले. रुमाल सावरला. आपण झोपलो होतो हे कुणाला कळलं असेल का, म्हणून त्यांनी सगळीकडं पाहिलं, आणि मग अशा वेळी मोठी माणसं करतात तेच केलं. रागावले.

"काय हे गुरुजी? वर्ग झोपतोय तुमचा."

साहेबांनी विजयमालेला उभं केलं. "का गं, रोज अशीच झोपतेस?"

"न्हाई सायेब." ती कपाळ चोळत होती. "आज नाडा वढला न्हाई, म्हनून."

"कसला नाडा?"

गुरुजींनी डोळे मिटले. विजयमालेनं बोट दाखवलं. "तुमी बसलाय त्यो."

साहेब उठले. चादर काढली, घोंगडं काढलं, आणि मला हातानं चाचपून पाहिलं. नंतर त्यांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे, कुणी सांगेल का?"

तात्या पुढं झाले. त्यांनी रेशनपासून परातीतल्या पिठापर्यंत सगळी तक्रार मांडली. मगदूम मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "साहेब, पोरं दुपारी झोपतात. नुसतं बसवून शिकवलं तर माझंच मला ऐकू येतं. अर्धा तास हलवली की मग ती ऐकतात. याच्यापुढं माझ्याकडं काही सांगायला नाही."

"दाखवा," साहेब म्हणाले.

मला देवळापुढं पसरलं, रेघ मारली. पोरं एका बाजूला उभी राहिली आणि साहेब म्हणाले, "तिकडं कोण?"

"कमिटी," मागून आवाज आला. रंगूबाई सगळा बायकांचा घोळका घेऊन बघायला आल्या होत्या.

तात्या म्हणाले, "पोरांसंगं? लोक हसतील." पण लोक आधीच हसत होते. मग तात्यांनी फेटा सावरला आणि मला हातात घेतलं. त्यांच्या मागं कमिटीचे दोघं. त्यांच्या मागं, साहेबांनी नुसतं पाहिल्यावर, आकाराम गुरुजी. आणि कमिटीला जोर द्यायला म्हणून साहेबांनी स्वतःही शेवटचं टोक धरलं.

सुरुवातीला वाटलं, तात्याच नेणार. वजन बैलाचं, हात मोटेवरचे. रेघ पोरांच्या पायाशी आली. पण पोरांना सवय होती. ती एका दमात ओढत नव्हती, मास्तरांच्या इशाऱ्यावर सगळी मिळून हिसका देत होती. मोठी माणसं मात्र प्रत्येकजण आपल्या मनानं ओढत होता. कमिटीचं नेहमी तसंच असतं. रेघ मधे आली. तात्यांचा चेहरा लाल झाला. "गुर्जी, वढा की," ते मागं न बघता म्हणाले. गुरुजी म्हणाले, "ओढतोच आहे हो." आणि खरोखर ओढत होते, माझ्या अंगाला कळत होतं. एवढ्या वर्षांत हललेला माणूस नव्हे तो, पण आता त्यांनी दात आवळून टाचा मातीत रोवल्या होत्या.

त्या ओढाताणीत मी तुटलो. उंदराची जागा होती ती. पोरं एकीकडं पडली, कमिटी एकीकडं. कमिटीच्या दोघांवर तात्या, गुरुजींवर ते दोघं, साहेबांवर गुरुजी.

धूळ खाली बसली. आणि त्या ढिगाच्या तळातून हसणं ऐकू आलं. साहेबांचं असेल म्हणून पोरं हसायला लागली, पण ते गुरुजींचं होतं. टोपी कुठंतरी उडाली होती, आणि ते डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते. त्यांना हसताना गावानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर साहेबांनी धुळीतच पोरांना पाढे विचारले, तोंडी हिशेब घातले, आणि उत्तरं एवढी मोठ्यानं आली की त्यांनी कानाला हात लावला. मग ते तात्यांकडं वळले.

"चेअरमनसाहेब, तुमची तक्रार खरी आहे. भूक लागते." त्यांनी अंगावरची धूळ झटकली. "पोळ्या उरल्यात का काही?"

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांनाही लागली होती. रंगूबाई पदर खोचून घराकडं चालू लागल्या.

खेळ चालू राहिला. त्या साली तात्यांनी उसातला एक वाफा काढून तिथं भाकरीसाठी जोंधळा पेरला. मनुबाई मला सांधायला आली होती, पण मास्तरांनी नको म्हटलं. माझा आखूड तुकडा देवळापुढच्या चिंचेच्या फांदीला टांगला. त्यावर आता पोरं चढतात. लांब तुकडा ओढायला राहिला.

पुढं मगदूम मास्तरांची बदली झालीच, पण ती बढतीवर, कोरेगावच्या मोठ्या शाळेत. ते सर्व्हिस मोटारीनं निघाले तेव्हा सगळी शाळा ओढ्यापर्यंत मोटारीमागं धावली. मास्तर खिडकीतून हात करत होते, फिरा म्हणत होते, आणि पोरांना एवढं पळता येतं हे बघून हसतही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं देवळापुढं येऊन उभी राहिली. मला कुणी पसरलं नव्हतं. रेघ कुणी मारली नव्हती. विजयमाला ओवरीकडं बघत होती. आतून आकाराम गुरुजी बाहेर आले. त्यांनी टोपी काढून कोनाड्यात ठेवली, धोतराचा काचा मारला, आणि वाकून बोटानं मातीत रेघ ओढली. ती वाकडी आली.

"माझ्याकडं कोण?" गुरुजींनी विचारलं.

एकही पोर त्यांच्याकडं गेलं नाही. हेडमास्तरांना ओढायची संधी सोडणार कोण? सगळी शाळा धावत समोरच्या टोकाला गेली. गुरुजींनी एकदा पोरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, तळहातांवर थुंकले आणि म्हणाले, "बरं. या."

तर अशी माझी गोष्ट. म्हातारा झालोय, वाख सुटायला लागलाय, अजून किती दिवस जातील कोण जाणे. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर असा एखादा जुना नाडा पडला असेल तर त्याच्यावर धुणं वाळत घालू नका. जवळच्या शाळेत नेऊन द्या. मास्तरांनी कशाला म्हणून विचारलं तर सांगा, बांधायला नव्हे.